जुनी पद्मिनी भरकटते का?

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ साली '११००-१०३' ही गाडी बाजारात आणली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तिची सुधारित आवृत्ती तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी आजही पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात दिसतात आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुतेक एकच असते. गाडी सरळ जात नाही, वळणावर झोल खाते, खड्ड्यात आदळते.

या तक्रारीवर गॅरेजात मिळणारे उत्तरही ठरलेले असते : "मागे एक पाटा वाढवू, शॉकअप नवीन टाकू, गाडी घट्ट होईल." गाडी घट्ट होते हे खरे. ती सुधारते का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर शोधताना आठवी ते बारावीच्या पदार्थविज्ञानातील निम्मी प्रकरणे कामाला येतात. म्हणूनच हा विषय आम्ही शिक्षकांपुढे मांडत आहोत. शिवाय यात कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घाटातल्या वळणावर चालकाच्या इच्छेपेक्षा दोन हात बाहेर गेली तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

आधी गाडीची रचना पाहू. पद्मिनीची पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन बाहूंनी (कारागीर त्यांना अप्पर आर्म आणि लोअर आर्म म्हणतात) गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. भार गुंडाळीच्या स्प्रिंगवर असतो आणि सोबत नळीसारखा शॉकअप असतो. दोन्ही बाजूंना जोडणारी एक वाकवलेली पोलादी कांब असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. मागे मात्र बैलगाडीसारखा अखंड आस आहे आणि तो दोन कमानपाट्यांवर टेकलेला आहे.

पुढच्या चाकांना स्वतंत्र का केले, याची कथा मनोरंजक आहे. जुन्या मोटारींत पुढेही अखंड आस असे. एक चाक उंचवट्यावर चढले की आस तिरपा होई आणि त्याबरोबर फिरते चाकही कलंडे. फिरते चाक कलंडवू पाहिले की ते भलत्याच दिशेला वळते. सायकलचे सुटे चाक आसाला धरून जोरात फिरवा आणि तिरपे करून पाहा, हाताला तो झटका जाणवेल. या जायरोस्कोपिक परिणामामुळे वेगात असताना पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागत आणि स्टीअरिंग हातातून सुटू पाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली या अभियंत्याने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९३४च्या सुमारास तेथील गाड्यांना पुढची चाके स्वतंत्र मिळाली. पद्मिनीची पुढची रचना याच विचारातून आलेली आहे. पण तिचा सगळा फायदा चाक ठरलेल्या कोनात धरून ठेवण्यात आहे. तो कोनच ढिला झाला तर रचना कितीही चांगली असली तरी उपयोग शून्य.

स्प्रिंग मऊ होते का?

गाडी पुढून बसली की लोक म्हणतात, "स्प्रिंग मऊ झाली." हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. स्प्रिंगचा ताठरपणा चार गोष्टींवर ठरतो : तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाची लवचिकता. पहिल्या तीन तर आपोआप बदलत नाहीत (गंजून तार बारीक झाली असेल तर गोष्ट वेगळी), आणि पोलादाचा लवचिकता गुणांकही वर्षे गेली म्हणून घटत नाही. मग गाडी बसते कशी? सतत भाराखाली राहून आणि लाखो दचके खाऊन स्प्रिंगला किंचित कायमचा आकारबदल होतो, म्हणजे तिची मोकळी लांबी कमी होते. ताठरपणा तोच राहतो, उंची घटते. गाडी तीन सेंटिमीटर खाली आली की चाकाला वर जायला तेवढीच कमी जागा उरते, आणि मध्यम खड्ड्यातही खालचा बाहू रबरी ठोकळ्यावर आदळतो. तो 'धाड' आवाज ऐकून मालकाला वाटते की स्प्रिंग फार कडक झाली, आणि गॅरेजवाल्याला वाटते की फार मऊ झाली. दोघांचेही निदान चुकते.

यावर बरोबर उपाय म्हणजे मूळ मापाची नवी स्प्रिंग. "जरा जाड तारेची" स्प्रिंग घेण्याचा मोह आवरावा, कारण ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. समजा १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर जाडीत वाढ ८ टक्के, ताठरपणात मात्र ३८ टक्के! वेढे कापून गाडी खाली बसवण्याची तरुणांची हौसही याच हिशेबात मोडते. वेढे कमी झाले की स्प्रिंग अधिक ताठर होते, आणि तिला हालचालीला जागा मात्र कमी मिळते.

वर्गासाठी येथे एक सुंदर प्रयोग आहे. स्प्रिंगला वजन टांगून ती किती ताणली ते मोजा. मग वजन किंचित खाली ओढून सोडा आणि २० हेलकाव्यांचा वेळ मोजा. वजन किती, स्प्रिंग कोणती, याची गरजच नाही. हेलकाव्याचा काळ केवळ त्या ताणावर ठरतो. हलकी स्प्रिंग असली तर १० सेंटिमीटर ताणाला एका हेलकाव्यास ०.६३ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ हेलकावे. १५ सेंटिमीटरला १.३ आणि ५ सेंटिमीटरला २.२. मोटार याच नियमाने हलते. सेकंदाला एक ते दीड हेलकावे शरीराला सुसह्य वाटतात. दोनच्या पुढे गेले की प्रवासी गचके मोजू लागतो.

मागच्या कमानपाट्याची गोष्ट थोडी निराळी. पाट्यांचा ताठरपणा जाडीच्या तिसऱ्या घाताप्रमाणे वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला की तो एकटा पाटा जवळजवळ ६० टक्के अधिक ताठर. दुसऱ्या गाडीचा पाटा कापून बसवण्याची युक्ती यामुळेच धोक्याची. त्यातच पाट्यापाट्यांमध्ये घर्षण असते. नव्या, वंगण दिलेल्या पाट्यांत हे घर्षण मर्यादित असते. गंजून एकमेकांना धरलेल्या पाट्यांत ते इतके वाढते की लहान खड्ड्यांवर कमान वाकतच नाही, सगळा धक्का थेट बैठकीला येतो. असे पाटे सुटे करून, घासून, ग्रीस लावून पुन्हा जोडले तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. नवा पाटा घालण्याआधी हे करून पाहावे, खर्च फक्त मजुरीचा.

वाढवलेल्या पाट्याचा दूरचा परिणाम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाटा मागे वाढवला, पण गाडी पुढून भरकटू लागली, असे का होते?

मालाच्या ट्रॉलीचे किंवा दवाखान्यातील खाटेचे लहान चाक पाहा. चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू त्याच्या फिरण्याच्या खुंट्याच्या मागे असतो, म्हणून ट्रॉली ढकलली की चाक आपोआप सरळ मागे येते. मोटारीत हेच काम किंगपिनच्या कलाने होते. चाक ज्या पिनेभोवती वळते ती किंगपिन वरच्या टोकाकडे किंचित मागे झुकवलेली असते, त्यामुळे तिची रेषा चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या पुढे जमिनीला भेटते. वळण संपल्यावर स्टीअरिंग हातात आपोआप सरळ फिरते ते मुख्यतः या कलामुळे. याला कॅस्टर म्हणतात, आणि तो मोजक्या अंशांचा असतो.

पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २३४ सेंटिमीटर आहे. पाटा वाढवून मागची बाजू ५ सेंटिमीटर उचलली, तर गाडी नाकावर सुमारे १.२ अंश झुकते. किंगपिन गाडीलाच जोडलेली, तीही तेवढीच पुढे झुकते, आणि कॅस्टर १.२ अंशाने घटतो. त्यात पुढची स्प्रिंग ३ सेंटिमीटर बसलेली असेल तर एकूण फरक ८ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ २ अंशांचा. मुळात थोड्याच अंशांचा कल, त्यातून दोन अंश गेले! आता चाकाला सरळ येण्याची ओढ उरत नाही आणि चालक सतत स्टीअरिंग डावी-उजवीकडे करत राहतो. तक्रार पुढची, आणि तिचे एक कारण मागे, चार फूट लांबीच्या लोखंडी पट्टीत. आमच्या मते जुन्या गाड्यांचे सर्वांत जास्त नुकसान या एका 'सुधारणे'ने केले आहे.

ओलीने आणखी एक गोष्ट दाखवली होती. वजने पुढे-मागे सरकवता येतील अशी एक खास गाडी त्याने तयार केली होती. तिच्यावरच्या प्रयोगांतून त्याला दिसले की मागच्या स्प्रिंगची गती पुढच्यापेक्षा थोडी जलद असावी. ताशी ४० किलोमीटर वेगात पद्मिनीचे पुढचे चाक उंचवट्यावरून गेल्यानंतर मागचे चाक ०.२१ सेकंदाने तेथे पोहोचते. मागची बाजू उशिरा हलू लागते, पण जलद हलत असल्यामुळे पुढच्या बाजूला गाठते आणि मग दोन्ही बाजू एकदम वर-खाली होतात. गाडी होडीसारखी डुलत नाही. येथे 'थोडी जलद' यातील 'थोडी' महत्त्वाची. दोन जादा पाटे घातले की मागची बाजू पुढे निघून जाते.

घट्ट स्प्रिंगने वळणावरची पकड वाढते, हा आणखी एक समज. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, हे गाडीचे वस्तुमान, वळणातले त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. माणसांसह १००० किलोग्रॅमची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, चाकांमधील अंतर सव्वा मीटर आणि ४० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटरने घेतले, तर सुमारे १३५ किलोग्रॅम भार बाहेर सरकतो. या हिशेबात स्प्रिंग येतच नाही. ताठर स्प्रिंगने गाडी कलते कमी, भार तेवढाच सरकतो. फक्त पुढची आणि मागची बाजू तो आपसांत कसा वाटून घेतात, हे बदलते. मागची बाजू ताठर केली की मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त बोजा पडतो, आणि ओल्या रस्त्यावर आधी मागचा भाग घसरतो. पुढचा भाग घसरला तर चालकाला वेग कमी करून सावरता येते. मागचा घसरला तर सामान्य चालकाला बहुधा सावरता येत नाही.

अर्धा अंश म्हणजे किती?

आता खरे दोषी, म्हणजे झिजलेले लहान सांधे. स्टीअरिंगच्या बॉक्सपासून चाकापर्यंत दांड्या आणि गोळीचे सांधे असतात. समजा एका सांध्यात १ मिलिमीटर ढिलाई आली. चाक वळवणारा बाहू १२ सेंटिमीटर लांब असेल, तर चाक जवळजवळ अर्धा अंश आपल्या मर्जीने फिरू शकते. अर्धा अंश ऐकायला काहीच नाही. पण नेहमीच्या वळणावर टायर ज्या कोनाने 'सरकत' चालतो, तो कोनच दोन-चार अंशांचा असतो. चालकाने मागितलेल्या वळणाचा आठवा ते चौथा हिस्सा ही ढिलाई खाऊन टाकते, आणि तीही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

टायरच्या झिजेचाही हिशेब करून पाहा. चाक अर्धा अंश तिरपे ठेवून एक किलोमीटर चालवले, तर भूमितीप्रमाणे ते ८.७ मीटर आडवे ओढले जाते. हजार किलोमीटरमागे पावणेनऊ किलोमीटर! रबर त्यातला काही भाग लवचिकपणे सोसते, उरलेला रस्त्यावर घासला जातो. टायरच्या कडेवर हात फिरवला आणि करवतीसारखे दाते लागले, तर हा दोष असल्याची ती खूण.

तपासणी सोपी आहे. पुढचे चाक जॅकने उचलून खाली भक्कम आधार द्यावा. चाक घड्याळातील ९ आणि ३ च्या ठिकाणी धरून हलवले आणि खटखट जाणवली, तर संशय स्टीअरिंगच्या सांध्यांवर. १२ आणि ६ च्या ठिकाणी धरून हलवल्यावर जाणवली, तर किंगपिनचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग. या दोघांत फरक करण्याची कारागिरांची युक्ती फार शास्त्रशुद्ध आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेकने चाक आणि त्याचा आधार एकमेकांना जखडले जातात आणि बेअरिंगची ढिलाई लपते. ब्रेक दाबताच खटखट थांबली तर बेअरिंग, चालू राहिली तर किंगपिन. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हे प्रयोगशाळेतले तत्त्व गॅरेजात याहून चांगले दिसणार नाही.

किंगपिन झिजते ती मुख्यतः उपेक्षेमुळे. तिला ग्रीस लागते. पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरते आणि ग्रीसऐवजी बारीक वाळूचा लेप तयार होतो. नवे बुश बसवल्यावर ते रीमरने अचूक मापाला आणावे लागतात. हातोडीने ठोकून 'बसेल तसे' बसवणारा कारागीर टाळावा.

आर्मच्या मुळाशी आणि पाट्याच्या डोळ्यांत जे रबरी बुश असतात, त्यांच्याबाबत एक गोष्ट हमखास चुकते. त्यांतील रबर घसरत नाही, ते पिळले जाते. गाडी उचललेली, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी दाबून हलवावी आणि मग आवळावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

शॉकअपबद्दल आम्ही मुद्दाम उशिरा लिहीत आहोत. नावावरून वाटते की तो धक्का शोषतो. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप हेलकाव्याची ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलून उष्णतेत बदलतो. खराब रस्त्यावर दहा किलोमीटर फिरून आल्यावर हात लावून पाहिल्यास चांगला शॉकअप कोमट लागतो, मेलेला थंड राहतो. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची चाचणी सर्वांना माहीत आहे; गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हावी. पण मागे गंजलेल्या पाट्यांचे घर्षणच हेलकावे थांबवत असेल, तर शॉकअप निकामी असूनही गाडी या चाचणीत पास होते. शिवाय ही चाचणी संथ हेलकाव्याची. चाक स्वतः टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सेकंदाला सुमारे दहा वेळा थडथडत असते, ते या चाचणीत दिसत नाही. लाटालाटांच्या रस्त्यावरील वळणावर मागची बाजू बाहेर उड्या मारते तेव्हा शॉकअप गेला असे समजावे. हवेत असलेल्या टायरला पकड नसते.

म्हणजे क्रम असा असावा : आधी टायर व हवेचा दाब, मग स्टीअरिंगचे सांधे, बेअरिंग, किंगपिन, त्यानंतर बुश, नंतर स्प्रिंग आणि पाटे, मग शॉकअप आणि सगळ्यात शेवटी व्हील अलाइनमेंट. ढिल्या सांध्यांवर अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या टेबलावर तराजू लावणे. टायरबाबत एक इशारा. ही गाडी मुळात क्रॉस-प्लाय टायरची. दोनच रेडियल घेतले असतील तर ते मागे लावावेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय असे लावल्यास पुढची पकड मागच्यापेक्षा वरचढ होते आणि मागचा भाग घसरण्याचा धोका वाढतो. एकाच आसावर दोन प्रकार तर कधीच नकोत.

विद्यार्थ्यांनी गॅरेजात जाऊन हे सारे जरूर पाहावे, पण पुढची स्प्रिंग काढताना लांब उभे राहावे. समजा ती ४००० न्यूटन बलाने १२ सेंटिमीटर दाबलेली आहे. तिच्यातली ऊर्जा २४० ज्यूल, म्हणजे १० किलोग्रॅमचा दगड अडीच मीटरवरून डोक्यावर पडावा तेवढी. योग्य कॉम्प्रेसरशिवाय ती सोडू नये, घरी तर नाहीच.

अलाइनमेंटचे एक माप मात्र शाळेच्या मैदानावर, यंत्राशिवाय, घेता येते. सपाट जागी गाडी सरळ उभी करावी. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, खडूने खूण करून त्या खुणांमधील अंतर सरकत्या काठीने मोजावे. मग गाडी ढकलून चाके बरोबर अर्धा फेरा फिरवावीत, म्हणजे त्याच खुणा आता पुढे येतील. पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. दोन्ही वेळा खूण तीच असल्यामुळे रिम वाकडी असली तरी तिची चूक मापात येत नाही. गाडी नेहमी पुढेच ढकलावी. मागे ढकलल्यास सांध्यांतली ढिलाई उलट दिशेला जाते आणि उत्तर बदलते. दोन्ही दिशांनी मोजून फरक किती येतो ते वहीत लिहावे, म्हणजे सांधे किती झिजले आहेत त्याचाही अंदाज मिलिमीटरमध्ये मिळतो.